मालूबाई धवलारीण आणि रक्तातला आकडा

देवाला लग्नाचे आवतण द्यावे आणि उशिरा आला म्हणून चारचौघांत त्याला झापावे, हा अधिकार करंजाड्यात एकाच बाईकडे आहे. तिचे नाव मालूबाई. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन जी विधी पार पाडते, ती धवलारीण. भटजी येतो आणि जातो. लग्न लावते ती हीच. मालूबाईने प्रत्यक्ष गणरायाला 'पोट सावर, मांडवाचा खांब पाडशील' असे गाऊन बजावले आहे, आणि त्या लंबोदराने ते मुकाट्याने सावरले असणार, याविषयी मला शंका नाही. इतक्या हक्काने हाक मारणारे त्या बिचाऱ्याला तरी कितीसे उरले आहेत?

गेल्या लग्नसराईत मालूबाई पिवळी पडली. दुसऱ्या गावात हे लगेच ध्यानात आले असते. आमच्याकडे हळद म्हणजे पाहुण्यांसकट अख्खी आळी पिवळी! रोज नव्या मांडवात हळद लावणाऱ्या बाईचे हात पिवळे, मान पिवळी, कपाळ पिवळे. नवल ते कसले? सून मनिषा नुसती साबण बदलत राहिली. डोळ्यांचे पांढरे पिवळे झाले, तेव्हा कुठे घराला कळले की हळद डोळ्यांत उतरत नसते.

पनवेलच्या रुग्णालयात निदान झाले: पित्तनलिकेचा कर्करोग. रक्ताच्या पहिल्याच तपासणीत कर्करोगाची चाहूल देणारा एक आकडा भलताच वर निघाला. मुलगा केतन इमारती बांधणारा. आकडा दिसला की त्याला तारीख हवी. त्याने मोबाइलवर वाचले आणि आईचे आयुष्य पावसाळ्यापूर्वीच आटोपून टाकले. शस्त्रक्रिया नीट पार पडली, तरी त्याच्या डोक्यातून तो आकडा उतरेना.

नात अंकिताचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते.

"आई, पुढच्या आठवड्यात उरकू," डॉक्टरांच्या खोलीतच, अंकितासमोर, केतनने विषय काढला. "तू डोळ्यांनी बघशील तरी."

"नुसतं बघायला मी पावनी हाय का रं? नातीचं लगीन मी लावनार."

"तुला दोन ओळींचा दम पुरत नाही. जासईच्या गुणाबाई धवलारीण गातील."

"मंग मार्गशीर्षात. तवर दम येल."

"आणि तोपर्यंत..."

"मेले तर? बोल ना! लग्नात पितरांना नाव घेऊन बोलवतात. तवा गुनाबाय माज्या नावानं हाक मारंल, ती पन बेसूर. मी यायची नाय, आताच सांगते."

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर इरा हसू आवरत म्हणाल्या, "केतन, तुम्ही धरून बसलाय तो आकडा कावीळ असतानाचा आहे. पित्त तुंबलं की तो फुगतो. पित्ताला वाट करून दिल्यावर तो उतरला, ऑपरेशननंतर आणखी उतरला."

"म्हणजे बरी झाली?"

"तसंही नाही. अजून तो थोडा वरच आहे. असा वर राहिला, तर आजार परतायची शक्यता जास्त धरतात. पण हा अंदाज पुष्कळ रुग्णांवरून बांधलेला असतो. त्या गर्दीत तुमची आई नेमकी कुठे आहे, ते रक्त सांगत नाही."

"मंजे रगात पन जोतिषीच निगालं," मालूबाई म्हणाली. "समदं बडबडतं नि कामाचं तेवडं गिळतं. डाक्टरीनबाय, थांबू का उरकू?"

"मी तारीख देऊ शकत नाही, आजी. थांबण्यात धोका आहे."

"हाय ना? मंग तो माजा. अंकिते, तू बोल. बोहल्यावर तू उबी ऱ्हानार."

"दुसऱ्या कोणी गायलं तर मी उभीच राहणार नाही."

"नाटकी! माज्यावर गेलीय."

लग्न मार्गशीर्षापर्यंत थांबले. केमोच्या गोळ्यांनी तळहातांची कातडी सोलली, अन्न टिकेना. पण मालूबाई गच्चीवर बसून रोज धवल्याची एकेक ओळ जास्त ओढू लागली. ओळ मध्येच तुटली की ती देवाला अशी काही शिवी ऐकवी, की खालच्या मजल्यावरची माणसे खिडक्या लावून घेत. मी तिला नामस्मरणच म्हणतो. ज्याच्याशी भांडायचे तो समोर आहे, याची एवढी खात्री माळ ओढणाऱ्या किती जणांना असते?

मार्गशीर्षात मांडव सजला. मालूबाईचा आवाज पूर्वीचा नव्हता. काठावर फाटत होता. तरी ती उभी राहिली आणि तिने एकेक देव नावाने आणून बसवला. मग पितर. सासू आली, सासरा आला. मग तिने मेलेल्या नवऱ्याला हाक घातली.

"ये रं शिवा, नातीवर अक्षता टाक," ती गात होती. "जेव, पान खा. जाताना मागं वळून माज्याकडं बगू नको. मी कामात हाय."

केतन खांबाला धरून हमसू लागला. मालूबाईने ओळ अर्ध्यावर थांबवली.

"केत्या, रडतोस काय? नवरदेव कवाचा उबा हाय, त्याला पाट दे!"

आणि श्वास घेऊन तिने पुढच्या पितराचे नाव उचलले.