मुल्कीचा दाखला

माझ्या हाताखाली शिकून गेलेली तरुण डॉक्टर मंडळी कधी घरी आली की विचारतात, "सर, तुमच्या वेळी एवढी वर्षं शिकायला पैसा कुठून आणायचे हो?" मी म्हणतो, "वजिफ्यावर शिकलो." त्यांना वाटतं, निजाम सरकारनं थैली उघडली आणि हे महाशय टांग्यात बसून हैदराबादला निघाले. मला राग यायला तेवढं पुरतं. वजीफा म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, हे खरं. पण माझा वजीफा भीमेच्या पलीकडच्या काठाला अडकून बसला होता आणि तिथून तो ओढून आणला माझ्या आईनं. ही हकीकत मी भेटेल त्याला ऐकवत आलोय. आता लिहूनच ठेवतो.

आमचं गाव करजगी. गावापासून काही कोसांवर भीमा. नदीच्या अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, आणि पलीकडं इंग्रजांचा. मधे करोडगिरीचा नाका, तिथं मालावर महसूल घेत. बाकी माणसांना नदीचं काही वाटत नसे. आमच्या निम्म्या सुना पलीकडून आलेल्या आणि निम्म्या लेकी पलीकडं दिलेल्या. आम्ही लिंगायत, घरात मराठी आणि कानडी दोन्ही एकाच वाक्यात चालायची. वडिलांना मी अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अप्पा शेती करत आणि सुगीनंतर गावातली तूर-करडई गाड्यांनी गुलबर्ग्याच्या अडतीला पोचवत. पोटाला कमी नव्हतं, पण शिल्लक म्हणावी अशीही काही नव्हती.

गुलबर्ग्याला मी इंटरपर्यंत शिकलो ते एका मठाच्या आश्रयानं. दोन वेळचं जेवण आणि निजायला ओसरी, बदल्यात पहाटे विहिरीचं पाणी भरायचं आणि मठातल्या लहान पोरांना उर्दू शिकवायचं. माझं उर्दू अक्षर फार सुरेख होतं. मला त्याचा तोरा होता, आणि तो पुढं चांगलाच महागात पडला.

हैदराबादच्या डॉक्टरीच्या कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा अप्पांनी अख्ख्या गावाला गूळ-खोबरं वाटलं. मग संध्याकाळी बसून मी खर्च सांगायला लागलो. फी, खोली, खानावळ, पुस्तकं, पांढरा कोट आणि अभ्यासाला माणसाच्या हाडांची पेटी.

"हाडं इकत घ्यावं लागत्यात?" अप्पांचा विश्वास बसेना. "आन् कुणाची असत्यात ती?"

मला तरी कुठं ठाऊक होतं? पण त्या पेटीच्या किमतीत आमच्याकडं एक दुभती म्हैस आली असती, एवढं मी चौकशी करून आलो होतो.

पैशाचे रस्ते दोनच होते. पहिला रस्ता स्वतः चालत आमच्या दारात आला. अप्पांची तूर घेणारा गुलबर्ग्याचा अडत्या. त्याला एक मुलगी होती. तो म्हणाला, पाचही वर्षांचा खर्च माझा, हाडांसकट. लग्न आत्ता करू, आणि पोरगा डॉक्टर झाला की माझ्या अडतीच्या माडीवरच दवाखाना टाकून देतो. यात वावगं असं कुणालाच काही वाटत नसे. पुढं माझ्या वर्गातली कितीतरी मुलं सासऱ्याच्याच पैशावर शिकत होती आणि सुट्टी लागली की आधी सासुरवाडीला हजेरी लावून मग घरी जात होती. मुलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, तिला तर कुणी विचारलंही नव्हतं. पण मला मात्र ते गळ्यात दावं बांधल्यासारखं वाटलं. मी साफ नाही म्हणालो. अप्पा म्हणाले, "मग दुसरी वाट दाव. न्हाईतर गप बोहल्यावर चढ."

दुसरी वाट वजिफ्याची. गरीब आणि हुशार मुल्की मुलाला सरकार महिन्याच्या महिन्याला पैसे देई. बदल्यात डॉक्टर झाल्यावर काही वर्षं सरकारी दवाखान्यात चाकरी करीन, असा करार लिहून द्यायचा. चाकरीला मी एका पायावर तयार होतो. मुल्की म्हणजे याच संस्थानाचा माणूस. तसा दाखला अफजलपूरच्या तहसील कचेरीतून आणायचा होता आणि कॉलेज उघडायला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. अडत्याचा निरोप होता की तोवर तो थांबेल.

कचेरीत कारकुनानं अर्ज पुढं सारला. मी बोरू मागून घेतला आणि आमच्या त्या सुरेख अक्षरात भरायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, गाव. मग आलं, जन्माचं ठिकाण. मी आजोळचं नाव लिहिलं, आणि मला उर्दू किती येतं ते दिसावं म्हणून पुढं ऐटीत जोडलं, 'इलाका अंग्रेजी'.

कारकुनानं वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मियाँ, आप तो गैरमुल्की निकले."

मला हसू आलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. अव्वाला सातव्या महिन्यात नदीपार नेलं आणि मी तिथं जन्मलो. यात सांगण्यासारखं काय होतं? पण कारकुनाच्या लेखी इंग्रजी मुलखात जन्मलेला माणूस परका. तो लबाड नव्हता, पैसेही मागत नव्हता. कागदावर होतं ते तो वाचत होता, आणि कागदावर ते मीच लिहिलं होतं.

घरी आलो तर अप्पांनी कपाळाला हात लावला. शाळा-कॉलेज करून जन्मगाव लिहायची अक्कल आली नाही म्हणून मला बोलून झालं, मग अव्वाकडं वळले. "तुजं ते म्हायेर! इथं सुईण नव्हती व्हय?"

मी म्हणालो, "दुसरा अर्ज भरतो. करजगीत जन्मलो म्हणून लिहितो. कोण बघायला येतंय?"

अव्वा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. ती थांबली. माझी अव्वा मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती, पण तिचा आवाज चढला की अप्पासुद्धा चिलीम खाली ठेवत.

"खोटं कामून लिवायलास?" ती म्हणाली. "माज्या आईनं सव्वा म्हयना उशापायथ्याला बसून तुला जगवलं. ते कागदावरनं पुसून टाकतूस व्हय? लाज वाटायलीय म्हायेराची? गाडी जुंपा. मी येते कचेरीला."

त्या काळी बाईमाणूस कचेरीची पायरी चढत नसे. अप्पा कुरकुरले, भावकीतले दोघं समजावायला आले. अव्वानं इरकलीचं ठेवणीतलं लुगडं नेसून डोक्यावर पदर घेतला आणि गाडीत जाऊन बसली.

तहसीलदार हैदराबादकडचे वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. बाई आलेली पाहून त्यांनी आधी शिपायाकरवी सतरंजी अंथरायला लावली. अव्वा काही बसली नाही. कारकुनानं माझा अर्ज वाचून दाखवला आणि म्हणाला, हुजूर, लडकेने खुद कबूल किया है.

मग अव्वा बोलली. तिची भाषा मराठीत सुरू व्हायची, मधे दखनीत शिरायची आणि रागावली की कानडीत संपायची. मी दुभाषा म्हणून पुढं झालो तर तहसीलदारांनी मला हातानं गप्प बसवलं.

"सायेब, पोरगं सव्वा म्हयन्याचं झालं तवा मी त्याला घिऊन नदी उतरले. अलीकडं तुमचा नाका. नाक्यावरल्या शिपायानं माजं गठुडं सोडलं. बाळंतविड्यातल्या कुंचीचा म्हसूल घेटला. खणाचा घेटला. आईनं दिलेल्या चांदीच्या वाळ्यांचा घेटला. डिंकाचे लाडूबी मोजले. खरं का न्हाई?"

"होगा," तहसीलदार म्हणाले.

"मग पोराचा कामून न्हाई घेटला? मांडीवर उघडं होतं की! पलीकडचा माल असंल तर त्येचाबी घ्यायचा. तुमच्याच शिपायानं त्येच्या गालाला हात लावला, म्हनला, ये तो अपने घर का है, जाव. तवा घरचा हुता, आन् आता शिकायला पैसे मागितले तर परका झाला?"

मग तहसीलदार असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कारकूनही हसला, पण हसता हसता म्हणाला, हुजूर, दाखल्याला कायदा लागतो. तहसीलदार म्हणाले, कायदाही आहे. मूल बापाच्या मुलखाचं. पोराच्या बापाच्या जमिनीचे कागद काढा, पाटलाचा जबाब घ्या. आणि मग मान हलवत हळूच म्हणाले, आम्हीही नानीच्याच घरी जन्मलो होतो, आम्हाला कुणी हे विचारलं नाही.

चौकशीला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही, आणि अडत्याचा माणूस दोनदा येऊन बैठकीत पान खाऊन गेला. नवव्या दिवशी आम्हा तिघांना बोलावणं आलं. दाखला तयार होता, त्यावर शिक्का होता. आता फक्त वजिफ्याच्या करारावर पालकाची सही राहिली होती. कारकुनानं कागद अप्पांपुढं धरला.

अप्पांना सही येत होती. बाजारात ते मोठ्या दिमाखात करत. त्यांनी कागदाकडं पाहिलं, बोरूकडं पाहिलं आणि कागद तसाच अव्वाकडं सरकवला.

"हिचा अंगठा घ्या," ते म्हणाले.

कारकून गडबडला. पालक म्हणून बाप हयात असताना आईचा अंगठा कसा? शिवाय ही बाई तर स्वतःच इंग्रजी मुलखातली! तहसीलदारांनी विचारलं, किती वर्षं झाली या बाईला इथं नांदून? अप्पा म्हणाले, वीस. "तर मग ही कधीचीच मुल्की झाली," तहसीलदार म्हणाले. "अंगठा घ्या."

अव्वाचा अंगठा शाईत बुडवताना कारकुनानं तिचा हात धरायचा म्हटलं, तर तिनं धरू दिला नाही. आपणच दाबला, इतक्या जोरात की खालच्या कागदावरही उमटला. अप्पा माझ्याकडं बघून मिशीत हसत होते. माझ्या बापाचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

त्या वजिफ्यावर मी पाच वर्षं काढली. श्रीमंती नव्हतीच. सकाळी एका वकिलाच्या मुलांना गणित शिकवायचो. हाडांची पेटी आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतली, आणि परीक्षेच्या आधी मांडीचं हाड कुणाकडं राहायचं यावरून भांडलो. पण महिन्याच्या सुरुवातीला पैसे घ्यायला जाताना माझी मान ताठ असायची. मी कुणाचा जावई म्हणून शिकत नव्हतो.

पहिला हप्ता घ्यायला गेलो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. कॉलेजच्या दफ्तरात आम्ही मुलं रांगेत उभे होतो. दफ्तरातले बुजुर्ग मुन्शी एकेकाचा करार काढून वाचत होते. सगळ्यांच्या कागदावर बापांच्या वळणदार सह्या होत्या, काही जहागीरदारांच्या तर मोहरा. माझा कागद आला आणि ते थबकले. त्या निळ्या ठशाकडं त्यांनी निरखून पाहिलं आणि आवाज मऊ करून विचारलं, "बेटा, वालिद गुजर गए?"

मागं रांगेतली मुलं ऐकत होती. मी मुद्दाम त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जी नहीं. अप्पा धडधाकट हैं. लेकिन वजीफा मेरी माँ लाई है."