जुनं काही काढायचं नाही

दहा-बारा वर्षांपूर्वी माझी लखनौला बदली झाली, तेव्हा हजरतगंजमधल्या आमच्या सरकारी ऑफिसात सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सचं नाव ऐकलेलं कुणी नव्हतं. सर्व्हर होता. तो एका कोपऱ्यात घरघरत असायचा आणि त्याच्याजवळ जायला सगळे बिचकायचे. मी नागपूरहून शिकून आलेली, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पडला तर पडला. मी काही त्याला सोडणार नव्हते. कारण आडनाव ऐकलं की लोक मनातल्या मनात माझी जात जुळवून बघत आणि गोड आवाजात म्हणत, "आप लोगों को तो आसानी से मिल जाती है." मशीनला आडनाव कळत नसे. कमांड बरोबर असली की चालायचं, चुकली की नाही.

साहेबांचा एक हुकूम होता. कुणा कारकुनाने चुकून एक फाइल उडवली होती, तेव्हापासून त्यांनी मीटिंगमध्ये बजावलं होतं, "पुराना कुछ भी नहीं हटेगा. मेरी परमिशन के बिना तो बिल्कुल नहीं." आता सर्व्हर आपला आपण अपडेट घ्यायचा. दर थोड्या दिवसांनी नवा कर्नल यायचा, म्हणजे मशीनचा गाभा, आणि जुने तसेच पडून राहायचे. ते ठेवायचा बूटचा कप्पा, म्हणजे मशीन सुरू होताना लागणारी डिस्कवरची जागा, मुळातच लहान. जागा भरत आलीय, जुने कर्नल काढू का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "देखेंगे."

एका सकाळी लाइट गेली, परत आली, आणि सर्व्हर काही उठेना. काळ्या पडद्यावर शेवटची ओळ होती, 'कर्नल पॅनिक'. अख्खं ऑफिस माझ्या पाठीशी येऊन उभं राहिलं. आमचे हेडक्लार्क, म्हणजे तिथले बड़े बाबू, म्हणाले, "मैडम, घबराइए मत."

"घबराई मशीन है, मैं नहीं," मी म्हटलं.

साहेबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो शहराच्या टोकाला चिनहटला बसल्या बसल्याच म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल, दुपारी येतो. फॉरमॅट म्हणजे अख्ख्या ऑफिसच्या कामावर पाणी. फाइली शाबूत आहेत, मला थोडा वेळ द्या, असं मी सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता बड़े बाबूंना म्हणाले, "दोपहर तक देख लीजिए. नहीं हुआ तो मैडम को डिस्पैच में बैठा दीजिए. इनके बस का नहीं है."

माझ्यादेखत! डिस्पॅच म्हणजे दिवसभर पाकिटांवर तिकिटं चिकटवणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मशीन सुरू होताना येणाऱ्या यादीतून मी आधीचा कर्नल निवडला आणि मशीन मुकाट उठलं. पाहते तर बूटचा कप्पा काठोकाठ भरलेला. मशीन उठताना जी बूट इमेज आधी वाचतं, तीच जागेअभावी अर्धवट लिहिली गेली होती. जुने कर्नल काढायला गेले, तर पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचं-काढायचं साधन, म्हणे, आधी अडलेलं काम पुरं करा. ते पुरं करायला गेले, तर म्हणे, जागा नाही. आमच्याच ऑफिसात नोकरी केल्यासारखं बोलत होतं ते!

मग मी त्याला वळसा घातला आणि दुसऱ्या कमांडने जुने कर्नल एकेक करून काढायला घेतले. चालू होता तो आणि त्याच्या आधीचा एक, एवढे अडीनडीला ठेवले. बड़े बाबू कुजबुजले, "साहब से पूछ तो लीजिए." मी नाही विचारलं. मग नव्या कर्नलची इमेज पुरी तयार करून मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी ते सरळ लॉगिनपर्यंत आलं.

साहेब आले. सर्व्हर चालू दिसत होता, पण जुने कर्नल काढल्याचं त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं.

"पुराना किसने हटाया?"

"मैंने."

"किसकी परमिशन से?"

माझा आवाज चढला. खोटं कशाला सांगू, चढला ते बरंच वाटलं. "किसी की नहीं, सर. डिस्पैच में भेजना है तो अभी भेजिए, चली जाऊँगी. बस इतना लिखकर दे दीजिए कि सर्वर का पासवर्ड किसको सौंपूँ."

साहेबांनी बड़े बाबूंकडे पाहिलं. बड़े बाबू खिडकीबाहेर बघू लागले. बाकीच्यांना एकदम आपापली टेबलं आठवली. मी कोरा कागद आणि पेन साहेबांपुढे सरकवलं आणि तिथेच उभी राहिले. कागदाला कुणी हात लावेना, तेव्हा मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.