लोकल गाईड

शुभा खरवंडीकर हायडेलबर्गला आली त्याला आता बावीस वर्षं झाली. त्याआधी ती साताऱ्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. नवरा हृषिकेश हायडेलबर्गजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, म्हणून ती नोकरी सोडून त्याच्यामागोमाग आली. पहिली काही वर्षं घर, लहान मुलगी आणि जर्मनचा क्लास यांतच गेली. मग तिनं एका बेकरीत सकाळची पाळी धरली. काउंटरवर पाव बांधून देता देता तिची जर्मन पक्की झाली, आणि ती झाली तीही म्हाताऱ्या बायकांशी गप्पा मारून झाली, त्यामुळे तिच्या बोलण्यात या गावचा हेल आला.

दुपारी बेकरीतून सुटली की ती थेट घरी जायची नाही. जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून फिरायची. दारांवर कोरलेली सालं वहीत उतरवून घ्यायची आणि लायब्ररीत जाऊन त्या साली काय घडलं ते शोधायची. हे कशासाठी करतेय, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

ते तिला मेक्सिकोत कळलं. हृषिकेशला कंपनीच्या कामासाठी तिकडे महिनाभर राहावं लागलं होतं आणि शुभा सोबत गेली होती. एका रविवारी दोघं ग्वानाह्वातो नावाच्या जुन्या गावात गाईडबरोबर पायी फिरायला गेले. चांदीच्या खाणींवर वाढलेलं ते गाव. डोंगरउतारावर एकावर एक चढलेली रंगीत घरं, समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागेल अशा बोळी, आणि जमिनीखालून, नदीच्या जुन्या पात्रातून जाणारे रस्ते. त्यांची गाईड ओफेलिया साठीची होती. पायात कापडी बूट, हातात छत्री. चर्च आणि नाटकघर तिनं दाखवलं, पण जास्त वेळ थांबली ती खाणीतल्या माणसांच्या वस्तीत. कुठल्या पायऱ्यांवरून ते कामाला जायचे, घरी राहिलेल्या बायका पाणी कुठून आणायच्या, हे ती असं सांगत होती की शुभा तीन तास पाय दुखतायत हे विसरली.

शेवटी शुभानं तिला विचारलं, "तुम्ही मूळच्या इथल्याच का?"

"नाही. लग्न होऊन आले, समुद्राकडून," ओफेलिया म्हणाली. "मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी प्रत्येकाला विचारत सुटले. इथं जन्मलेल्यांना विचारायची गरजच पडली नाही."

परतीच्या विमानात शुभानं हृषिकेशला सांगितलं की ती गाईड होणार.

हायडेलबर्गमध्ये त्यासाठी कोर्स होता. दोन वर्षं, शनिवार-रविवार. वर्गात बाकी सगळे जर्मन, एक बाई इटालियन. शेवटची परीक्षा रस्त्यावर चालता चालता तोंडी. एका परीक्षकानं विचारलं, "तुमचे उच्चार पर्यटकांना चालतील असं वाटतं तुम्हाला?" शुभा म्हणाली, "मी चुकीची माहिती दिली तर चालणार नाही. उच्चारांचं त्यांनी ठरवावं." ती पास झाली. वर्गात तिसरी आली.

त्यानंतर सहा वर्षं ती एका एजन्सीसाठी फेऱ्या करत होती. शाळांच्या सहली, निवृत्त जर्मन लोकांची मंडळं, अमेरिकन. सुरुवातीला एखादा जर्मन पाहुणा हमखास विचारायचा, "पण खरं तर तुम्ही कुठल्या?" शुभा म्हणायची, "खरं तर साताऱ्याची. आता डावीकडे बघा." याचा तिला फारसा त्रास होत नसे. गावातल्या मोठ्या चर्चपर्यंत पोचेस्तोवर पाहुणे तो प्रश्न विसरायचे. तिथं ती त्यांना सांगायची की याच छपराखाली दोनशेहून अधिक वर्षं एक भिंत होती, एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट, आणि ती भिंत पडून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्याच देशात जन्म काढलेली माणसं तोंडात बोटं घालायची.

गेल्या जूनमध्ये एजन्सीची मालकीण फ्राऊ ब्रेंडल हिनं फोन करून सांगितलं की पुण्याहून सव्वीस जणांचा ग्रुप येतोय. शुभाला अगदी माहेरचं कुणी येत असल्यासारखं झालं. तिनं दोन संध्याकाळ बसून सगळी फेरी मराठीत बांधली. सहा वर्षांत तिनं हे गाव जर्मनमध्ये सांगितलं होतं, इंग्रजीत सांगितलं होतं, स्वतःच्या भाषेत एकदाही नाही. पुराच्या खुणा, विद्यार्थ्यांचा तुरुंग, जळलेला किल्ला, या प्रत्येकासाठी मराठी शब्द शोधताना तिला शाळेतला फळा आठवला.

सकाळी दहा वाजता युनिव्हर्सिटीच्या चौकात बस थांबली. टूर मॅनेजर सिद्धेश आधी उतरला, मागोमाग बाकीचे. शुभा कॉटनची साडी नेसून, गळ्यात ओळखपत्र घालून उभी होती. हात जोडून म्हणाली, "नमस्कार. मी शुभा खरवंडीकर. आज मी तुम्हाला माझं गाव दाखवणार आहे."

दोनचार जण हसले. बाकीच्यांचे चेहरे पडले. पुढं उभे असलेले शरदचंद्र नावाचे गृहस्थ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सिद्धेशकडे वळून म्हणाले, "अहो, कार्यक्रमपत्रिकेत लोकल गाईड लिहिलंय."

"मीच लोकल गाईड आहे, काका," शुभा म्हणाली. "बावीस वर्षं इथंच राहते."

"तसं नव्हे हो ताई. लोकल म्हणजे जर्मन. एवढा प्रवास करून यायचं आणि आपल्याच माणसाकडून ऐकायचं, यात काय मजा?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पाठ केलेलं सांगणार. त्यापेक्षा मोबाईलवर वाचू." एका बाईंनी जवळ येऊन अगदी आपुलकीनं विचारलं, "तुम्हाला इथं दुसरी चांगली नोकरी नाही का मिळाली?"

वर्गात आलेल्या इन्स्पेक्टरनं न विचारता खडू हातातून काढून घ्यावा, तसं शुभाला झालं. सिद्धेशनं तिच्याकडे न बघता फोन लावला. दोन मिनिटांनी तिचा फोन वाजला. फ्राऊ ब्रेंडल होती.

"शुभा, गिऱ्हाइकाची इच्छा आहे, मी काय करू? योनास जवळच आहे, त्याला पाठवते. तुझी फेरी झाली असं धरून मी पैसे देते. मनावर घेऊ नकोस."

योनास सायकलवरून आला. सोनेरी केसांचा, सव्वासहा फूट उंच, चोवीस वर्षांचा. मूळचा ड्रेस्डेनचा, हायडेलबर्गला शिकायला येऊन पाच महिने झाले होते. गाईडचं काम तो शुभाच्या मागं फिरून शिकला होता आणि त्याच्या खिशातले कागद शुभाच्याच टिपणांच्या झेरॉक्स होत्या. तिला बघून त्याचे कान लाल झाले. हळूच त्यानं विचारलं, "चर्चमधली भिंत कुठल्या साली पाडली?"

"एकोणीसशे छत्तीस," शुभा म्हणाली. आणि आपण हेही सांगून बसलो, याचाच तिला जास्त राग आला.

लोकांनी योनासला टाळ्या वाजवल्या. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

शुभाला खरं तर घरी जाता आलं असतं. पण हे गाव आपलं आहे आणि आपण कुणाच्या तरी पसंतीवर इथून काढता पाय घ्यायचा, हे तिला पटेना. ती ग्रुपच्या मागं चालू लागली. योनास इंग्रजीत सांगत होता. किल्ल्याखाली उभं राहून त्यानं सांगितलं की हा नेपोलियननं जाळला. शरदचंद्रांनी मान डोलावली आणि ते डायरीत लिहून घेतलं. किल्ला फ्रेंच राजाच्या फौजांनी जाळला तेव्हा नेपोलियनच्या जन्माला अजून पाऊणशे वर्षं अवकाश होता. शुभानं चूक दुरुस्त केली नाही. एका घरासमोर फरसबंदीत पितळी चकत्या बसवलेल्या होत्या. त्या घरातून नाझींनी उचलून नेलेल्या माणसांची नावं त्यांवर होती. शुभा तिथं नेहमी थांबायची आणि ती नावं मोठ्यानं वाचायची. योनास बोलत बोलत पुढं गेला आणि पंचवीस माणसं त्या नावांवर पाय देऊन त्याच्यामागून गेली. सव्विसावी थांबली. ती अहिल्या होती, ससूनमध्ये नर्स असलेली, निवृत्त, एकटीच आलेली. तिनं खाली वाकून अक्षरं लावायचा प्रयत्न केला, शुभाकडे एकदा पाहिलं आणि चालू लागली.

जुन्या पुलाशी आल्यावर भिंतीवर एकाच्या वर एक कोरलेल्या आडव्या रेघा अहिल्याला दिसल्या. "या कसल्या?" तिनं योनासला विचारलं. योनासनं कागद चाळले. "बघून सांगतो," म्हणाला, आणि बाकीच्यांना पुलाजवळच्या माकडाच्या पुतळ्याकडे घेऊन गेला. अहिल्या मागं वळली.

"बाई, तुम्हाला माहीत असेल."

शुभा तिच्यापुरतं, हळू आवाजात सांगू लागली. प्रत्येक रेघ म्हणजे एक पूर. सगळ्यात वरची सतराशे चौऱ्याऐंशीची. तो हिवाळा इतका कडक होता की नेकार नदी गोठली. मग एकदम ऊन पडलं, बर्फ फुटला आणि त्याचे घराएवढे तुकडे वाहत आले. इथं लाकडाचं छप्पर असलेला पूल होता, तो त्यांनी काडीसारखा मोडून नेला. म्हणून पुढचा पूल दगडाचा बांधला, आणि शेवटच्या महायुद्धात माघार घेताना तो जर्मन सैन्यानं स्वतःच उडवला. गावकऱ्यांनी दोन वर्षांत पुन्हा उभा केला.

मराठी ऐकून एकेक जण पुतळ्यापासून मागं सरकू लागला. आधी दोघी, मग चौघे, मग दहाबारा. योनासपाशी सेल्फी काढणारे तेवढे उरले. शरदचंद्र गर्दीतून पुढं आले आणि म्हणाले, "ताई, जरा मोठ्यानं सांगा की. मागं ऐकू येत नाही."

शुभा थांबली.

"तुमचा गाईड तिकडे उभा आहे," ती म्हणाली.

"अहो, राग मानू नका. आम्हाला काय माहीत तुम्हाला एवढं येतं. आधी सांगायचं ना."

"मी सांगायला तोंड उघडलं तेव्हाच तुम्ही मला नको म्हणालात, काका. माझ्या तोंडून गावाबद्दल एक वाक्य ऐकायच्या आत. मला येत नाही म्हणून नव्हे. मी तुमच्यासारखी दिसते म्हणून."

"तसं काही नाही हो. आपण सगळे एकच."

"जर्मन माणसानं मला असं वागवलं असतं तर त्याची तक्रार मी लिहून दिली असती आणि तुम्हीच मला शाबासकी दिली असती. तुमची तक्रार मी कुठं करू?"

सिद्धेश घड्याळ बघून म्हणाला, "चला, जेवण थंड होईल." लोक निघाले. अहिल्यानं शुभाचा हात धरला. "मी सकाळीच बोलायला हवं होतं," ती म्हणाली. शुभानं "हो" म्हटलं. खोटं "असू दे" तिच्यानं म्हणवेना.

घरी हृषिकेश म्हणाला, "जाऊ दे गं. चार तासांची माणसं. आपलेच लोक आहेत."

"अहो, तुमच्या ऑफिसात पुण्याहून कुणी येऊन म्हणालं, हा नको, गोरा इंजिनिअर द्या, आणि तुमच्या साहेबानं दिला, तर जाऊ द्याल?"

मुलगी स्वानंदी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती. ती जर्मनमध्येच म्हणाली की आई, मला त्या लोकांपेक्षा ब्रेंडलचा जास्त राग येतो. त्यांनी मागितलं, पण दिलं तिनं. कायद्यानं असलं तिला करताच येत नाही.

शुभा दुसऱ्या दिवशी ब्रेंडलच्या ऑफिसात गेली. ब्रेंडलनं कॉफी दिली, दिलगिरी व्यक्त केली, आणि म्हणाली, "तर मग, मी ठरवलंय. यापुढे तुला भारतीय ग्रुप द्यायचाच नाही. म्हणजे असा प्रसंग येणार नाही."

आदल्या दिवशी आला नव्हता एवढा राग शुभाला आता आला. चूक करणाऱ्यांच्या वाटेतून तिनंच बाजूला व्हायचं, आणि याला तिची काळजी म्हणायचं. ती कॉफी न पिता उठली. बेकरीत असताना गिऱ्हाइकांची बोलणी ऐकून घेणाऱ्या शुभानं त्या आठवड्यात आयुष्यातलं पहिलं तक्रारपत्र लिहिलं. मागणी एकच. गाईडचा वंश, रंग किंवा मूळ देश बघून कुणी गाईड बदलून मागितला तर बदलून मिळणार नाही. स्वानंदीनं त्यात कायद्याचं कलम घातलं. शुभा ते पत्र घेऊन एजन्सीच्या तेवीस गाईडांकडे गेली. चौदा जणांनी सही केली. नऊ जणांनी नाही, आणि त्यांत इटालियन बाई होती, जिच्याबरोबर शुभानं दोन वर्षं एका बाकावर बसून अभ्यास केला होता. "मला भांडणात पडायचं नाही," ती म्हणाली. योनासनं सगळ्यात आधी सही केली, पण त्या दिवशी आपण सायकल वळवून परत का गेलो नाही, याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. शुभानं तेही लक्षात ठेवलं.

ब्रेंडलनं तीन आठवडे उत्तर दिलं नाही आणि त्या तीन आठवड्यांत शुभाला एकही फेरी दिली नाही. मग चौदा जणांनी मिळून कळवलं की लेखी उत्तर येईपर्यंत तेही फेऱ्या घेणार नाहीत. भर जुलैचा महिना. दोन दिवसांत उत्तर आलं. नियम मान्य. माफीचा शब्द त्यात नव्हता.

सप्टेंबरात नाशिकचा ग्रुप आला. शुभानंच तो मागून घेतला. चौकात पुन्हा कुजबुज झाली आणि एका गृहस्थानं तेच विचारलं, लोकल कुणी नाही का. शुभानं शांतपणे सांगितलं, "मी आहे. दुसरं कुणी येणार नाही. ज्यांना नको असेल त्यांनी कॉफी प्यावी, बस एक वाजता इथंच आहे."

तीस जणांतले अकरा राहिले. बाकीचे कॅफेकडे गेले. त्यांच्या पाठी बघताना तिचं रक्त पुन्हा तापलं, नियम झाला म्हणून ते थंड झालं नव्हतं. तिनं अकरा जणांना जवळ बोलावलं आणि मराठीत सुरुवात केली. पितळी चकत्यांपाशी आल्यावर कुणाचा तरी फोन वाजला. तो बंद होईपर्यंत शुभा थांबली, मग तिनं नावं वाचली, एकेक, सावकाश, आणि शेवटचं नाव संपल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ दिलं नाही.