जोडी न लागलेली बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. परवा ऑफिसातून कळलं, जुन्या फाइली पुन्हा तपासायच्यात. तेव्हापासून फोन वाजला की ऑफिसचा तर नाही ना, ते आधी बघते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मग पकडली जाईन म्हणून सांगतेय का? तेही असेल.

मी जालन्यात एका संस्थेत बाळंतिणींच्या पाहणीचं काम करते. तीन-चार वर्षांपूर्वी काही गावांत नर्सबाई घरी यायच्या, काही गावांत फोनवर नुसता सल्ला. फोन पुरतो का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी जोड्या लावायच्या — फोनच्या गावातली एक बाई, आणि वय, बाळंतपणं, दवाखान्याचं अंतर बराबर जुळणारी नर्सच्या गावातली दुसरी. जोडी लागली नाही तर ती बाई हिशेबातून बाद. पद्धत चांगली होती. खोट तिच्यात नव्हती.

जाफराबादकडची शोभा फोनच्या गावातली. तिचं बाळ आठव्या दिवशी तापानं गेलं. बघायला कुणी आलंच नव्हतं. जोड्यांमधलं दगावलेलं ते एकच बाळ. तीर्थपुरीच्या एका बाईशी तिची जोडी पहिल्या फटक्यात जुळली होती. संस्थेचे साहेब एवढंच म्हणाले होते, "फोनचा निकाल चांगला येऊ द्या." धमकी? छे. माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि मी मुळात भित्री.

मी — कसं सांगू — शोभाच्या अंतराच्या रकान्यात तीनच्या आधी एक टाकला. तेरा किलोमीटर. जोडी तुटली. शोभा बाद, तिचं बाळही बाद. अहवालात फोन पुरेसा ठरला आणि नर्सबाईंच्या घरभेटी बंद झाल्या.

पाहणीच्या वेळी मीच शोभाला सांगितलं होतं, तुमच्यासारखीच एक बाई दुसऱ्या गावात शोधतोय. तिनं ते लक्षात ठेवलं. वर्षभरानं जाफराबादच्या स्टँडवर भेटली.

"ताई, माझी जोडी लागली का वो? तिचं लेकरू बरं हाय ना?"

तीर्थपुरीचं ते लेकरू मी कडेवर घेतलं होतं. चांगलं गुटगुटीत होतं.

"न्हाई लागली," मी म्हणाले.

"मंग माझ्यासारखी कुणीच न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.