टेपमधलं कोकरू

ही १९८६ सालातली गोष्ट, तवा मी पस्तीस वर्षांचा होतो. आज शेजाऱ्यानं पाखरं हाकायला रानात भोंगा लावला, तवा ते आठवलं.

मांडवगणला आमच्या मेंढरांचा तळ होता, तिथं कोल्हा आमची कोकरं न्यायचा. त्याला उसातनं बाहेर काढायला मी मेव्हण्याच्या टेपमध्ये एका कोकराचं ओरडणं भरलं. पुढं कोल्ह्यानं तेच कोकरू नेलं. तरी मी संध्याकाळी बांधावर टेप लावला आन् काठी घेऊन बसलो.

कोल्हा आला न्हाई. त्या कोकराची आई मेंढरं कोंडायच्या वाघरीचं जाळं तोडून आली आन् टेप चाटायला लागली. कासंतनं दूध गळत होतं.

"अवं, कोल्हा ऱ्हायला बाजूला, आईलाच फसवलंत की!" बायको म्हणाली.

तवा मला कोल्ह्याचाच राग होता. आता त्या मेंढीची जीभ आठवती.

त्या रातीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यापुढं टेप लावला आन् आई मेलेलं एक कोकरू तिच्या कासंला लावलं.