आत्यानं राखलेल्या साली

किन्हीराजा या आमच्या गावी आम्ही लहान असताना बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, दोघंही मजुरीला जायची. काम नसलं की संध्याकाळी भाकरीवर नुसतं मीठ. तरी लग्नाच्या पंगतीतलं उरलंसुरलं कुणी दारात आणलं, की आत्या उभ्या उभ्या परत पाठवायची. “आमच्या बापानं धम्म घेतला तवाच उष्टं सोडलं.”

गेल्या महिन्यात आत्या गेली... आणि मला आधी सालींची गंमत आठवून हसूच आलं.

घरातली पहिली कॉलेजात गेलेली मी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तिला म्हणाले, “आत्या, लग्नाघरच्या बटाट्याच्या साली पाह्यजेत मले. पोतंभर.”

“यासाठी शिकवलं का वं तुले? उष्टं गोळा कराले?”

मी समजावलं. साल हवा न लागू देता भाजली की कोळसा होतो, त्याला बारीक छिद्रं पडतात, त्यात वीज साठवता येते. तिनं कोपऱ्यातलं रिकामं पोतं काढून झटकलं. मग म्हणाली, “साठव. पण ताटातलं घरात येनार नाही.”

पुढच्या लग्नात पंगत बसायच्या कितीतरी आधी ती आचाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभी. “दादा, साल इकडं टाक. कोनाच्या तोंडची नाही पाह्यजे.” वरपक्षाकडून तपासणीला बाई आली असं वाटून बिचाऱ्यानं बटाटे पुन्हा धुतले.

आत्यानं अंगणात वाळवलेल्या साली जरा लालसर दिसल्या. मला वाटलं, ऊन लागलं. कॉलेजातली भट्टी तापली आणि सगळी प्रयोगशाळा खोकायला लागली. सर डोळे पुसत व्हरांड्यात, त्यांच्या मागे शिपाई! मी आत्याला फोन लावला.

“शेजारच्या बकऱ्या तोंड घालून राह्यल्या होत्या. मंग तिखट लावलं. बकरीनं तोंड लावलं की तेबी उष्टंच ना वं?”

सरांनी नवीन साली आणायला सांगितलं. नाहीतर वर्ष गेलं असतं. या खेपेला आत्या काठी घेऊन भर उन्हात सालींजवळ बसली. शेजारीण विचारायची, “काय राखून राह्यली वं बाई?”

“लाइट.”

त्या कोळशाचा छोटा सेल तयार झाला. घरी आणून दिवा जोडला. लागला, आणि थोड्या वेळात विझला.

“इतकाच?” आत्या म्हणाली. “भर पुन्हा.”

त्या दिवशी दिवसभर मी तो सेल पुन्हा पुन्हा चार्ज करत होते...

तो सेल तिच्या खोलीतल्या फळीवर आहे. चार्ज केला की अजून दिवा लागतो. बटाट्याच्या सालीत वीज साठते, हे आम्ही दोघींनी करून दाखवलं.