मावशीच्या पाठीवरच्या पट्ट्या

माझ्या मावशीचा राग घरात सगळ्यांच्या तोंडी असतो. तो थोडा माझ्यातही उतरलाय, म्हणून ठासून सांगते: त्या वेळी तिचं चिडणं शंभर टक्के रास्त होतं.

मावशी बायकांचे केस कापते, रंगवते. दोन खुर्च्यांचं दुकान, आणि सगळी मदार तिच्या हातांवर. तेच हात फुटले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग बारीक फोड, मग भेगा आणि भेगांतून पाणी. एका बाईनं तर तोंडावर विचारलं, "आम्हाला लागण नाही ना होणार?" मावशीनं तिला अर्धवट रंगवलेल्या डोक्यानिशी बाहेर काढलं. बरं केलं.

हात फुटण्याचं कारण सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं: केसांचा रंग. रबरी हातमोजे ती रंगवताना घालायचीच. आता काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, खोकीच्या खोकी आणली, तर दिवसभर घालू लागली. जोडीला काकांनी औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडच्या मलमाची एक ट्यूब आणली. लावली की आराम, सोडली की दुप्पट आग. असल्या ट्यूबा गोळ्या-बिस्किटांसारख्या विकणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

शेवटी काकांनी जाहीर केलं, "दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ. तुझ्या हातांपुढे दुकान काय मोठं?" मावशीनं अबोला धरला. मग मीच तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. "अंदाजानं दुकान बंद करताय? आधी तपासू." त्यांनी मावशीच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांवरच्या ठिपक्यांत एकेक संशयित: रंग, सुगंध, धातू, रबर. ज्याचं तिच्या अंगाशी वैर, तिथली कातडी लाल होणार. "पाठ भिजवायची नाही. आणि ट्यूबचं नावही काढायचं नाही."

पट्ट्या निघाल्या तेव्हा पाठ अगदी स्वच्छ.

"पाठीला काही लावलंत?"

"माझा हात तरी पोचतो का तिथे?" मावशी म्हणाली.

काका खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "झोपेतसुद्धा तळमळत होती हो. बघवेना. कडा उचलून जराजरा ट्यूब लावली. परत नीट चिकटवलं सगळं."

ट्यूबनं सगळ्या खुणा दाबून टाकल्या होत्या. आता पुन्हा पहिल्यापासून.

"लग्न झाल्यापासून एकदा तरी पाठ चोळून दिलीत?" मावशी कडाडली. "आणि दिलीत ती नेमकी आत्ता? माझं दुकान जातंय, अहो!" बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले.

काही आठवड्यांनी पुन्हा पट्ट्या लागल्या. काकांची रवानगी बाहेरच्या खोलीत झाली. या खेपेला एकच ठिपका उठला, लालभडक, फोडांचा. रंगाच्या ठिपक्याखाली काहीच नव्हतं.

"रबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे हातमोजे."

मावशी घरी आली आणि तिनं ती सगळी खोकी एकेक करून दाराबाहेर भिरकावली. मोबाइलवाल्याला नकार काकांनाच कळवायला लावला. त्यांच्याशी बोलली मात्र नाही.

हात भरत आले, तसं तिनं दुकान उघडलं. दुपारी काका प्लास्टिकच्या हातमोज्यांचं खोकं घेऊन दारात उभे राहिले. "यात रबर नाही. डॉक्टरांना दाखवून आणलंय."

"ठेवा तिथे."

काका ठेवून निघाले, तशी मावशी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"अजून खाजतंय तिथे. खाजवा. आणि नुसत्या हातानं."